चिकटचित्र आणि मातृवंश : धारणी परिसरातील कोरकू स्त्रियांच्या इतिहाससाधनांचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

कुळांचा इतिहास लिहिण्याची परंपरा महाराष्ट्रात चांगली रुजलेली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अनेक घराण्यांचे कुलवृत्तान्त मोठ्या परिश्रमाने सिद्ध झाले आणि अभ्यासकांना त्यांचा उपयोगही झाला. परंतु ह्या ग्रंथांतील वंशवृक्ष पाहिले म्हणजे त्यांची वाढ पुरुषांच्या नावांनी होते, हे कोणाच्याही ध्यानात येते. स्त्रीचे नाव तेथे कन्या म्हणून येते किंवा पत्नी म्हणून येते. कन्येपाशी फांदी संपते आणि पत्नीपाशी मूळ सापडत नाही. विवाहसमयी मुलीचे नाव बदलण्याची चाल ज्या घराण्यांत होती, तेथे माहेरच्या वृक्षावरील एक नाव व सासरच्या वृक्षावरील दुसरे नाव ही एकाच व्यक्तीची आहेत, हे ओळखणेही कठीण होऊन बसते. एखाद्या स्त्रीची आई कोण, त्या आईची आई कोण, असे विचारीत मागे जाऊ लागल्यास तीन-चार पिढ्यांतच लेखी साधने मुकी होतात.

सुशिक्षित व लेखनसंपन्न कुळांची ही स्थिती असेल, तर ज्या समाजाची भाषाच शतकानुशतके लेखनावाचून राहिली, त्यातील स्त्रियांच्या वंशपरंपरेचा इतिहास कसा लिहावयाचा? अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, मेळघाटात, धारणीच्या आसपास राहणाऱ्या कोरकू समाजाविषयी हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. तेथे स्त्रीचे नाव आणि तिची भाषा ही दोन्ही एकाच वेळी कागदाबाहेर राहिलेली आहेत.

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाकडे एका वेगळ्या वाटेने जाण्याचा विचार आहे. आधुनिक चित्रकलेत ‘कोलाज’ नावाची एक पद्धती रूढ आहे. तिला मराठीत चिकटचित्र म्हणता येईल. आपण कोणाच्या, आपली भाषा कोणती, आपल्या आई-आजींकडून आपणांस काय मिळाले, हे प्रश्न गेल्या शंभर वर्षांत अनेक स्त्री-कलावंतांनी ह्याच पद्धतीने हाताळले. त्यांनी हीच पद्धती का निवडली, आणि त्यांच्या अनुभवातून इतिहासाच्या अभ्यासकाने काय घ्यावे, हे आधी पाहू व मग धारणीकडे वळू.

२. चिकटचित्राचा पूर्वेतिहास

कलेतिहासाच्या प्रचलित ग्रंथांत चिकटचित्राचा आरंभ १९१२ ह्या वर्षी मानण्यात येतो. त्या वर्षी पाब्लो पिकासो ह्याने वेताच्या खुर्चीची वीण छापलेला मेणकापडाचा तुकडा आपल्या चित्रावर डकवला व चित्राभोवती दोराची चौकट बसविली. त्याच वर्षी जॉर्ज ब्राक ह्याने लाकडाचा आभास देणारा छापील कागद कापून चित्रात योजिला. ‘चिकटविणे’ ह्या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून ‘कोलाज’ हे नाव पडले. चित्राबाहेरच्या जगातील वस्तू तुकड्याच्या रूपाने चित्रात आली आणि आपले मूळ न लपविता तेथे राहिली, हे ह्या घटनेचे मर्म होय.

परंतु तुकडे जोडून नवे रूप घडविण्याची कला १९१२ साली जन्मास आली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी ह्या बाईंनी १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागद कापून फुलांच्या प्रतिमा रचण्यास आरंभ केला आणि पुढील दहा वर्षांत जवळजवळ एक हजार प्रतिमा पूर्ण केल्या. आज त्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत. मिरियम शपिरो आणि मेलिसा मायर ह्या दोन अमेरिकन कलावंतांनी १९७७-७८ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात हा मुद्दा उघडपणे मांडला. स्त्रियांनी घरात बसून केलेले शिवणकाम, तुकडेजोड, चिकटवह्या ह्या सर्वांना त्यांनी ‘फेमाज’ असे नाव दिले. स्त्रिया जे पिढ्यान्‌पिढ्या करीत होत्या, ते पुरुषांनी चौकटीत बसविल्यावर त्याला कला म्हणू लागले, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

मराठी वाचकास ह्याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याकडील गोधडी, वऱ्हाडात जिला वाकळ असेही म्हणतात, ती ह्याच जातीची कृती होय. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, विरलेल्या जागी ठिगळे देऊन, धावदोऱ्याने ती शिवली जाते. तिच्यात आजीच्या लुगड्याचा काठ असतो, आईच्या चोळीचा तुकडा असतो, मुलाचे आखूड झालेले आंगडे असते. घरातील स्त्रियांच्या दोन-तीन पिढ्या तिच्यात एकत्र येतात, आणि त्या येतात त्या नावाने नव्हे, तर अंगावरच्या वस्त्राने.

गोधडी हे इतिहासाचे साधनही आहे. वऱ्हाडात पूर्वी आलाच्या मुळ्यांपासून तांबडा रंग काढीत. १८६८ साली जर्मनीत ॲलिझरीन हा रंग रासायनिक रीतीने तयार करण्यात यश आले आणि पुढील काही दशकांत वनस्पतिज तांबड्या रंगांचा व्यवसाय जगभर मागे पडला. ह्याच सुमारास आगगाडी वऱ्हाडात आली. १८७० साली खामगावचा रेल्वेफाटा सुरू झाला. येथील कापूस बाहेर जाऊ लागला व गिरणीचे कापड खेडोपाडी पोचू लागले. तेव्हा जुन्या गोधडीतील तांबडा तुकडा आलाचा आहे की रासायनिक रंगाचा, सूत हातचे आहे की गिरणीचे, ह्यांवरून त्या तुकड्याच्या काळाविषयी व त्या घराच्या ऐपतीविषयी अनुमान करता येते. ज्या स्त्रीविषयी एकही ओळ लिहिली गेली नाही, तिच्याविषयी निदान इतके तरी कापड सांगू शकते.

३. तीन कलावंत, तीन बोध

चिकटचित्रातून आपलेपणाचा व मातृवंशाचा शोध घेणाऱ्या कलावंत पुष्कळ आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिघींचा विचार पुरेसा होईल.

पहिली जर्मनीतील हाना हॉख (१८८९-१९७८). १९१६ ते १९२६ ह्या काळात ती बर्लिनमधील एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत भरतकाम व लेस ह्यांचे नमुने तयार करण्याची नोकरी करीत होती. स्त्रियांच्या हस्तव्यवसायाशी तिचा असा रोजचा संबंध होता. १९२० साली बर्लिन येथे भरलेल्या दादापंथीयांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात तिचे एक मोठे छायाचित्र-चिकटचित्र होते. त्याच्या शीर्षकातच स्वयंपाकघरातील सुरीचा उल्लेख होता, आणि युरोपातील ज्या देशांत स्त्रियांना मताधिकार मिळाला होता त्यांचा नकाशा तिने चित्राच्या एका कोपऱ्यात डकवला होता. पुढे तिने ‘मानववंश-संग्रहालयातून’ ह्या नावाची चित्रमालिका केली. संग्रहालयातील आफ्रिकी व अन्य मूर्तींच्या छायाचित्रांना तिने समकालीन युरोपीय स्त्रियांच्या चेहऱ्यांचे व अवयवांचे तुकडे जोडले. ही चित्रे पाहताना मन अस्वस्थ होते. दूरच्या लोकांच्या प्रतिमा कापून त्यांवर आपला अर्थ चिकटविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या चित्रांतून उभा राहतो व तो स्वतः हॉखलाही चुकत नाही.

दुसरी अमेरिकेतील फेथ रिंगगोल्ड (१९३०-२०२४). तिच्या पणजीची आई गुलामगिरीत जन्मलेली होती व मालकांसाठी गोधड्या शिवीत असे. ही कला घरातील स्त्रियांकडून खाली आली. फेथची आई विली पोझी ही वेषभूषेचा व्यवसाय करणारी होती. १९८० साली मायलेकींनी मिळून एक गोधडी केली, आणि हार्लेम वस्तीतील माणसांचे चेहरे तिच्यावर रंगविले. पुढच्याच वर्षी आई निवर्तली. १९८३ पासून रिंगगोल्डने गोधडीवर चित्रांबरोबर मजकूरही लिहिण्यास आरंभ केला. जे कथन छापण्यास प्रकाशक मिळत नव्हता, ते तिने कापडावर लिहिले. आजीची सुई आणि नातीचे अक्षर असा हा संयोग आहे. मातृवंशाचा इतिहास लिहिताना हाताचे कसब व भाषा ही दोन वेगळी साधने नाहीत, हे तिच्या कामावरून कळते.

तिसरी आपल्या मुंबईत काम केलेली हेमा उपाध्याय (१९७२-२०१५). तिचा जन्म व कलाशिक्षण बडोद्याचे. देशाच्या फाळणीत तिच्या कुटुंबाचे स्थलांतर झाले होते. १९९८ साली ती मुंबईस आली. २००१ साली मुंबईत भरलेल्या आपल्या एकल प्रदर्शनातील चित्रांत तिने स्वतःची लहानलहान छायाचित्रे कापून डकविली होती. प्रचंड नगराच्या रंगविलेल्या पार्श्वभूमीवर ही चिमुकली आकृती कोठे लोंबकळते, कोठे पडते, कोठे उभी राहते. ती त्या जागेची नाही, हे तिच्या कापलेल्या कडेवरूनच कळते, आणि तरीही ती तेथे आहे. पुढे हेमाने आपल्या आईबरोबरही एक कलाकृती केली. एका पिढीचे स्थलांतर फाळणीमुळे झाले, दुसरीचे पोटापाण्यासाठी व कलेसाठी झाले. दोन्ही पिढ्यांतील स्त्रियांना ‘आपले घर कोणते’ ह्या प्रश्नाचे उत्तर तुकडे जोडूनच द्यावे लागले.

ह्या तिघींच्या कामावरून तीन गोष्टी घेता येतील. ज्यांचा वंश अखंड कागदावर आलेला नाही, त्यांच्या बाबतीत तुकड्यांची रचना हीच प्रामाणिक रचना ठरते. तुकड्याचे मूळ व जोडाची कड दिसू देणे हा त्या प्रामाणिकपणाचा भाग होय. आणि तुकडे कोण जोडतो व कोणाचे जोडतो, ह्याचा विचार रचनेआधी झाला पाहिजे.

४. धारणी : भूमी, भाषा आणि सीमा

धारणी हे मेळघाटाच्या उत्तर भागातील तालुक्याचे ठिकाण. तापीचे खोरे जवळ, आणि त्यापलीकडे मध्य प्रदेश. मेळघाटाच्या दक्षिण कडेवर गाविलगड व चिखलदरा आहेत. १८०३ साली आर्थर वेलस्लीने गाविलगड घेतला, ही घटना इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आढळते. त्या डोंगरांत त्या वेळी राहणाऱ्या कोरकू स्त्रियांविषयी त्या पुस्तकांत काही नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी केलेली नाही. १८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला. नंतर मेळघाटातील जंगल राखीव झाले, आणि ‘गाव’, ‘जंगल’, ‘वहिवाट’ ह्या शब्दांना कागदी अर्थ प्राप्त झाले.

कोरकू भाषा मुंडा कुलातील आहे. संताळी, मुंडारी ह्या तिच्या बहिणी दूर पूर्वेस छोटा नागपूरच्या पठारावर राहिल्या, आणि ही एकटी पश्चिमेस सातपुड्यात. मुंडा भाषांपैकी सर्वांत पश्चिमेकडील भाषा हीच. जॉन ड्रेक ह्या मिशनऱ्याने तिचे व्याकरण १९०३ साली प्रसिद्ध केले. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मुंडा व द्राविड भाषांविषयीचा चौथा खंड १९०६ साली निघाला व त्यात तिचा समावेश झाला. पुढे नॉर्मन झाइड ह्यांनी १९६० च्या सुमारास तिच्या ध्वनिव्यवस्थेचा अभ्यास केला आणि के. एस. नागराज ह्यांनी १९९९ साली व्याकरण, संहिता व शब्दसंग्रह असा ग्रंथ सिद्ध केला. २०११ च्या जनगणनेत कोरकू ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ७ लक्ष २७ हजार होती. त्यांतील बहुसंख्य लोक मध्य प्रदेशात आहेत.

ह्या शेवटच्या वाक्यातच एक महत्त्वाचा इतिहास दडलेला आहे. १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला, तेव्हापासून १९५६ पर्यंत बैतूल, निमाड व मेळघाट हे कोरकूंचे सर्व मुलूख एकाच प्रांतिक शासनाखाली होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले व १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे भाग झाले. बैतूल व निमाड मध्य प्रदेशात राहिले. भाषा हे राज्याचे अधिष्ठान असावे, हे तत्त्व मराठी माणसाने मोठ्या त्यागाने प्रतिष्ठित केले व ते योग्यच होते. परंतु मराठी व हिंदी ह्या दोन भाषांमधून जी रेषा ओढली गेली, ती एका तिसऱ्या भाषेच्या मधून गेली. विवाहसंबंध त्या रेषेने थांबले नाहीत. सोयरीक होऊन मुली अलीकडून पलीकडे व पलीकडून अलीकडे जात राहिल्या. एकाच आजीची काही नातवंडे शाळेत मराठी शिकली व काही हिंदी, आणि दोघांनाही तिची भाषा शाळेत मिळाली नाही.

येथे मातृवंशाचा प्रश्न स्पष्ट होतो. कोरकूंचे गोत्र पित्याकडून चालते व गोत्राबाहेर विवाह होतो. मुलगी लग्नानंतर बहुधा दुसऱ्या गावी जाते. होणाऱ्या सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबणारा जावई, ज्याला लमझना म्हणतात, हा त्या नियमातील अपवाद. म्हणून पुरुषांचा वंश एका गावाच्या कागदांत शोधता येतो, पण स्त्रियांचा वंश गाव, तालुका, आणि १९५६ नंतर राज्यही ओलांडून जातो. एका दप्तरात तो मावतच नाही.

५. उपलब्ध तुकडे

ह्या वंशाचे कोणते तुकडे आपल्या हाती येऊ शकतात, ते क्रमाने पाहू.

पहिला तुकडा नावांचा. मेळघाटात जांबेकर, कासदेकर, बेठेकर, मावसकर अशी आडनावे सर्रास ऐकू येतात. वरवर पाहता ती मराठी आहेत. मराठीत ‘कर’ हा प्रत्यय सामान्यतः गावाच्या नावास लागतो. येथे मात्र तो गोत्राच्या नावास लागलेला दिसतो. जांबेकर हे ‘जांबू’ ह्या गोत्रनामावरून, म्हणजे जांभळीच्या झाडावरून आलेले आहे. मूळ कोरकू गोत्र आणि त्यास शाळेच्या अथवा कचेरीच्या दप्तरात जोडलेला मराठी प्रत्यय, असे हे दोन तुकड्यांचे चिकटचित्र एकेका आडनावात उभे आहे. मात्र ते पित्याच्या वंशाचे आहे. आईचे गोत्र त्यात उतरत नाही, आणि आजीचे तर नाहीच नाही.

दुसरा तुकडा दप्तराचा. विदर्भात जन्ममृत्यूची नोंद कोतवालाच्या वहीत होत असे. कोतवालबुक ह्या नावाने ती प्रसिद्ध आहे आणि जातीच्या दाव्यांत आजही पुराव्यास येते. तीत बहुधा बापाचे नाव, जात, गाव व मुलगा झाला की मुलगी इतकेच असते. अपत्याचे स्वतःचे नाव पुष्कळदा नसते, कारण नोंद बारशापूर्वीच होते. म्हणजे कोरकू स्त्रीचा दप्तरातील पहिला उल्लेख बापाच्या नावापुढील ‘मुलगी’ ह्या एका शब्दाने झालेला असतो.

तिसरा तुकडा खुद्द भाषेचा, आणि तो सर्वांत मोलाचा आहे. ‘कोरकू’ ह्या नावाची फोड अभ्यासकांनी ‘कोरो’ म्हणजे माणूस, पुरुष, आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय अशी केली आहे. स्त्रीला त्या भाषेत ‘जपाय’ म्हणतात, मुलाला ‘कोन’ व मुलीला ‘कोनजे’. समाजाच्या नावातच पुरुष आहे, असे ह्यावरून वाटेल. परंतु त्याच भाषेचे व्याकरण वेगळी साक्ष देते. मराठीत बाई ‘मी जाते’ म्हणते आणि पुरुष ‘मी जातो’ म्हणतो. स्वतःविषयी बोलतानाही लिंग सांगितल्यावाचून आपली सुटका नसते. कोरकूत नामांचा मुख्य भेद सजीव आणि निर्जीव असा आहे. स्त्री व पुरुष दोघेही ‘मी’चे वाक्य एकाच रूपाने बोलतात. धारणीच्या शाळेत मराठी शिकू लागलेली कोरकू मुलगी व्याकरणाच्या पहिल्याच पाठात एक नवा भेद शिकते, आणि तो तिच्या आजीच्या बोलण्यात नव्हता.

आपलेपणाच्या दृष्टीने सर्वनामांचा विचार तर फारच उद्बोधक आहे. मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ असा भेद आहे. ऐकणाऱ्यास वगळावयाचे असेल तर ‘आम्ही’ आणि त्यास सामील करावयाचे असेल तर ‘आपण’. हिंदीत हा भेद नाही. कोरकूत तो आहेच, शिवाय दोघांसाठी वेगळे द्विवचन असल्याने ‘आम्ही-आपण’ची चार रूपे होतात. अनेकवचनी ‘आले’ म्हणजे तुला सोडून आम्ही, व ‘आबुङ’ म्हणजे तुझ्यासह आपण. आई मुलीशी बोलताना तिला धरून बोलते की सोडून, आणि ‘आपण दोघी’ म्हणते की ‘आपण सगळे’, हे प्रत्येक वाक्यात ठरवावे लागते. कोण आपले व कोण परके ह्याचा इतका सूक्ष्म हिशेब ठेवणारी भाषा जेव्हा मुलांच्या तोंडून जाते, तेव्हा शब्दांबरोबर नात्याची ही मोजपट्टीही जाते. मराठी आईबापांच्या घरी ‘आपण’ हा शब्द अजून जिवंत आहे, म्हणून ह्या हानीचे स्वरूप मराठी वाचकास हिंदी वाचकापेक्षा लवकर कळावे.

चौथा तुकडा गाण्याचा. महाराष्ट्राच्या अन्य भागांतील स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या हेमा राईरकर व गी पॉइटवँ ह्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या. त्यांची संख्या एक लक्षाहून अधिक आहे. आई, भाऊ, माहेर, सासुरवास ह्यांविषयी स्त्रियांनी स्त्रियांना ऐकविलेले असे दुसरे साधन मराठीत नाही. कोरकूत गाण्याला ‘सिरिंज’ व नाचाला ‘सुसुन’ म्हणतात. सणप्रसंगी स्त्रिया हातात हात गुंफून नाचतात आणि गातात. नात आजीशेजारी उभी राहून गाणे उचलते, आणि त्याची नोंद कोठल्याच वहीत होत नाही. ओव्यांच्या संग्रहाने मराठी स्त्रीच्या इतिहासास जो आधार दिला, तसा आधार ह्या गाण्यांचा पद्धतशीर संग्रह देऊ शकेल.

पाचवा तुकडा अंगावरचा व मातीवरचा. गोंदण हे कोरकू स्त्रीचे न उतरणारे लेणे. मृतांच्या स्मरणार्थ कोरकू लोक ‘सिडोली’ नावाचा विधी करतात व त्या वेळी सागाच्या लाकडाची कोरीव फळी, जिला मुंडा म्हणतात, झाडाखाली उभी करतात. तिच्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार अशा आकृती कोरलेल्या आढळतात. लाकूड टिकाऊ असले तरी ऊनपावसात ते हळूहळू झिजते. गोंदण तर त्या स्त्रीबरोबरच जाते. म्हणून ह्या तुकड्यांची छायाचित्रे व मोजमापे घेण्याचे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

६. जोड कसा द्यावा

तुकडे हाती आले म्हणजे इतिहास झाला, असे नव्हे. रसेल व हिरालाल ह्यांच्या १९१६ च्या ग्रंथापासून स्टीफन फुक्स ह्यांच्या १९८८ च्या ग्रंथापर्यंत कोरकूंविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि त्यातील माहितीवाचून आजच्या अभ्यासकाचे चालणार नाही. तथापि ह्या वर्णनांत, विशेषतः आरंभीच्या वर्णनांत, ‘कोरकू स्त्री’ ही एक जात म्हणून येते, कोणाची तरी आई किंवा मुलगी म्हणून येत नाही. तिची वस्त्रे, दागिने, गोंदण ह्यांची यादी असते, पण नाव नसते. हॉखच्या संग्रहालय-मालिकेतील तुकड्यांसारखी ती आपल्या जागेवरून कापून दुसऱ्याच्या पानावर चिकटविलेली आहे. आजचा अभ्यासक जर तोच तुकडा उचलून आपल्या प्रबंधात डकवील, तर जोडावर जोड बसेल आणि मूळ कड कायमची झाकली जाईल.

ह्यावर उपाय तुकडे टाकून देणे हा नव्हे. प्रत्येक तुकडा कोठून, केव्हा, कोणाच्या हातून आला, हे सांगितले पाहिजे. ड्रेकच्या व्याकरणातील एखादे वाक्य घेतले तर ते मिशनच्या कामासाठी जमविलेल्या भाषेतील आहे, हे सांगावे. कोतवालबुकातील नोंद घेतली तर ती लिहिणाऱ्याची भाषा मराठी होती व सांगणाऱ्याची कोरकू होती, हे ध्यानात ठेवावे. वृद्ध स्त्रीने सांगितलेली आजीची आठवण घेतली तर ती तिच्याच शब्दांत, कोरकूत, व मग मराठीत द्यावी. गोधडीत ठिगळ ठिगळ म्हणूनच दिसते आणि त्याने गोधडीचे काही बिघडत नाही. इतिहासलेखनातही जोड दिसल्याने इतिहास दुबळा होत नाही.

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या हौसेचा नाही. वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ अन्वये वनजमिनीवरील दाव्याच्या पुराव्यांत स्मशानभूमी व पवित्र स्थाने ह्यांसारख्या खुणा, वडीलधाऱ्यांची लेखी घेतलेली निवेदने आणि पूर्वीच्या नोंदींतील व्यक्तींपर्यंत पोचणारी वंशावळ ही साधने ग्राह्य धरली आहेत. विवाहित व्यक्तीच्या बाबतीत हक्कपत्र पतिपत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे द्यावयाचे आहे. म्हणजे कायद्याने पत्नीला जमिनीच्या कागदावर स्थान दिले, परंतु पुराव्यादाखल येणारी वंशावळ नोंदींच्या स्वरूपामुळे पित्याकडूनच मोजली जाते. दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. १ मे २०२४ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. ज्या समाजात आजीचे नाव कोणत्याही कागदावर नव्हते, तेथे नातीच्या कागदावर आईचे नाव येणे ही मोठी गोष्ट होय. परंतु हे नाव एकाच पिढीपुरते आहे. आईबरोबर तिची आई, तिचे माहेरचे गोत्र व तिचे गाव त्यात येत नाही. कायद्याने एक तुकडा दिला, पुढचे तुकडे जोडण्याचे काम शिल्लक आहे.

७. उपसंहार

ह्या विवेचनावरून अभ्यासाची एक दिशा सुचविता येते. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील, आणि शक्य झाल्यास सीमेपलीकडील बैतूल, खंडवा व बऱ्हाणपूर जिल्ह्यांतील, कोरकू कुटुंबांच्या मातृवंशावळी आईकडून मागे जात लिहून घ्याव्या. प्रत्येक स्त्रीच्या नावापुढे तिचे माहेरचे गोत्र, जन्मगाव, विवाहगाव व ती घरात कोणती भाषा बोलत असे, एवढी चार कलमे असली तरी पुरे. त्यांच्याशी कोतवालबुकातील नोंद, गाण्याची संहिता, गोंदणाची आकृती, जुन्या वस्त्राचा नमुना जोडावा. हे काम करणारांत कोरकू घरांतील विद्यार्थिनी असाव्यात. त्या असतील तर त्या भाषेतील चारही ‘आपण’ योग्य जागी पडतील, आणि तुकडे कोणी जोडावेत हा प्रश्नही बऱ्याच अंशी सुटेल.

अशा वंशावळीचा आकार वृक्षासारखा होणार नाही. वृक्षाला एक मूळ व एक बुंधा असतो. स्त्रियांचा वंश दर पिढीला गाव बदलतो, क्वचित भाषाही बदलतो. त्याचा नकाशा काढला तर तो सातपुड्याच्या दोन्ही उतारांवर पसरलेल्या ठिगळांचा होईल, आणि धावदोरा सोयरिकीचा असेल. धारणीच्या बाजारात मराठी, हिंदी व कोरकू ह्या तिन्ही भाषा एकाच स्त्रीच्या तोंडी येतात. त्यांपैकी कोणती तिला आईने दिली, कोणती शाळेने व कोणती बाजाराने, हे ती स्वतः सांगू शकते. तिच्या नातीला ते सांगता येईल की नाही, हे पुढील वीस-पंचवीस वर्षांत ठरेल. म्हणून ह्या कामास आजच हात घालणे अगत्याचे आहे.